मॅक्स थायलर : पीतज्वराची लस आणि प्रयोगशाळेतील धोका



थोर शास्त्रज्ञांच्या परिचयात या वेळी मॅक्स थायलर यांच्याविषयी लिहीत आहे. पीतज्वरावरची लस त्यांनी तयार केली, एवढी एक ओळ सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडते. ही लस (आपल्या शहरात बाहेर सगळे टीका म्हणतात, तीच) सर्वात आधी कोणाला हवी होती, हे मात्र तेथे लिहिलेले नसते. ती हवी होती या रोगावर संशोधन करणाऱ्यांनाच, कारण ते एकामागून एक मरत होते.

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. वडील सर आर्नोल्ड थायलर हे जनावरांच्या रोगांचे नामांकित संशोधक होते, तेव्हा घरात विज्ञानाचेच वातावरण. केपटाऊनला काही शिक्षण झाल्यावर मॅक्स लंडनला गेले आणि १९२२ साली तेथे वैद्यकीचा परवाना मिळवला. विद्यापीठाची एम.डी. पदवी मात्र त्यांच्याजवळ कधीच नव्हती. टक्केवारीची चिंता करणाऱ्या पालकांनी याची नोंद जरूर घ्यावी. त्याच वर्षी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले.

पीतज्वर एडिस इजिप्ती या डासामुळे पसरतो. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास हाच. या तापात यकृत बिघडते, कावीळ होते, रक्ताच्या उलट्या होतात. रोगाचे कारण एक जिवाणू आहे, असे जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची सांगत होते. १९२६ मध्ये थायलर आणि सहकाऱ्यांनी तो दावा चुकीचा असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत हा रोग विषाणूचा आहे हे सिद्ध झाले. त्यासाठी माकडे लागली ती भारतातली, आपल्या देवळांच्या आवारात दिसतात त्या जातीची. आफ्रिकेतील माकडांना हा आजार सहजासहजी होत नव्हता.

पण या कामाची किंमत फार मोठी होती. १९२७ मध्ये लागोस येथे एड्रियन स्टोक्स पीतज्वराने गेले. मे १९२८ मध्ये आक्रा येथे नोगुची गेले आणि काही दिवसांतच त्यांचे सहकारी विल्यम यंगही. १९२९ मध्ये ब्राझीलमध्ये पॉल लुईस यांचा मृत्यू झाला. प्रयोगशाळेत हा रोग होण्यासाठी डास चावावाच लागतो असे नाही, ही गोष्ट नीट समजून घ्या. आजाराच्या पहिल्या दिवसांत रक्तात विषाणू प्रचंड संख्येने असतात. त्या रक्ताचा थेंब हातावरच्या बारीकशा जखमेवर पडला, सुई टोचली, किंवा ऊतक वाटताना उडालेले तुषार श्वासात गेले, तर माणूस धोक्यात येतो. त्या काळी नळीने द्रव तोंडाने ओढण्याची पद्धत होती. आज आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही तिला परवानगी नाही.

१९२९ मध्ये काम करताना खुद्द थायलर यांनाच पीतज्वर झाला. ते वाचले आणि त्यांना जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळाली. सगळ्यांचे नशीब असे नव्हते.

माकडे महाग होती आणि धोक्याचीही. थायलर यांनी साधे पांढरे उंदीर निवडले. विषाणू उंदराच्या मेंदूत टोचला की उंदीर मरत असे, पण काविळीने नव्हे, तर मेंदूज्वराने. १९३० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत गेले. एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत, असा विषाणू पुढे नेत राहिल्यावर त्याचे यकृतावरचे जहाल रूप सौम्य झाले. मेंदूवरचा हल्ला मात्र वाढला. म्हणजे धोका संपला नव्हता, त्याने जागा बदलली होती. १९३१ पासून प्रयोगशाळेतील लोकांना हा विषाणू मानवी रक्तद्रव्यासोबत टोचू लागले, आणि तेथील आजारपणे थांबली. फ्रेंच वसाहतींत मात्र उंदराच्या मेंदूतला विषाणू रक्तद्रव्याशिवायच लस म्हणून वापरला गेला. त्याने पीतज्वराला आळा बसला, पण काही लहान मुलांना मेंदूज्वर झाला आणि शेवटी मुलांसाठी तो बंद करावा लागला.

थायलर यांना मेंदूपासूनही दूर राहणारा विषाणू हवा होता. मज्जातंतू काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतकांत तो वाढवत, शंभराच्या आसपास पिढ्या गेल्यावर, त्याचा मेंदूवरील जोर एकाएकी ओसरला. सतरा-डी असे त्याचे नाव. १९३७ मध्ये ह्यू स्मिथ यांच्यासह थायलर यांनी हे जगापुढे मांडले.

येथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. १९४१ मध्ये ब्राझीलमध्ये या लसीच्या एका उपप्रकाराने काहींना मेंदूज्वर झाला. पिढ्या वाढत गेल्या तसा विषाणू बदलला होता. कालच्या दह्याचे विरजण आज, आजच्याचे उद्या, असे करत दही बिघडते, हे आपल्या आईला विचारा. उपाय तोच झाला. मूळ विरजण जपून ठेवायचे आणि प्रत्येक वेळी त्याच्या जवळूनच सुरुवात करायची. ही बीज-साठ्याची पद्धत आजही लसनिर्मितीत पाळली जाते. १९४२ मध्ये दुसरा प्रसंग ओढवला. लस टिकावी म्हणून तिच्यात मिसळलेल्या मानवी रक्तद्रव्यात काविळीचा वेगळाच विषाणू होता. अमेरिकी सैन्यात सुमारे पन्नास हजार जवान आजारी पडले. त्यानंतर रक्तद्रव्य वगळण्यात आले. विषाणू शांत करणाऱ्यांनी बाटलीतील दुसऱ्या पदार्थाकडे तितकेच लक्ष दिले असते तर!

रॉकफेलरने १९४० ते १९४७ या काळात २ कोटी ८० लाखांहून अधिक मात्रा तयार केल्या. १९५१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक थायलर यांना एकट्याला मिळाले. त्याच वर्षी ते फाउंडेशनच्या विषाणू प्रयोगशाळांचे संचालक झाले. पुण्यात १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तीच. तेथे जपानी मेंदूज्वरासारख्या डासांनी पसरणाऱ्या रोगांवर काम झाले. हा विषाणू पीतज्वराच्या विषाणूच्याच कुळातला आहे. २०१२ मध्ये तेथे सर्वोच्च सुरक्षेची, चौथ्या श्रेणीची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे संशोधक हवाबंद पोशाखात, बाहेरची हवा नळीने घेत काम करतात.

थायलर ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे वारले. आफ्रिकेतील पीतज्वराच्या देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या पालकांना निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी जी लस घ्यावी लागते, ती त्यांची सतरा-डीच. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.