चिठ्ठीवर डॉक्टर ‘डॉप्लर’ लिहून देतात, तो डॉप्लर नक्की होता तरी कोण?

पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, शिरा निळ्या-हिरव्या फुगून वर आल्यात. अशी तक्रार घेऊन अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही दवाखान्यात जा. डॉक्टर चिठ्ठीवर एक शब्द हमखास लिहून देतात, डॉप्लर. मग घरातलं कोणीतरी सोनोग्राफी सेंटरवर जाऊन विचारतं, डॉप्लरचे किती होतील?

बऱ्याच जणांना वाटतं हे मशीनचं नाव असेल, नाहीतर कंपनीचं. पण ते एका गणिताच्या मास्तरचं आडनाव आहे. त्याने आयुष्यात कधी पेशंट तपासला नाही. त्याच्या डोक्यात रक्त नव्हतंच, आकाशातले तारे होते. आणि गंमत म्हणजे ताऱ्यांबद्दल तो चुकला होता.

त्याचं म्हणणं काय होतं हे समजून घ्यायला मुंबईकराला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. नाहूर नाहीतर जोगेश्वरीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. न थांबणारी फास्ट लोकल हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज चढा लागतो, आणि डबे समोरून निघून गेले की तोच हॉर्न एकदम खाली उतरतो. मोटरमनने काहीच बदललेलं नसतं. गाडी आपल्याकडे येताना आवाजाच्या लाटा दाटीने कानावर येतात, लांब जाताना विरळ होतात, इतकंच. गाडी ताशी 72 किलोमीटरने जात असेल तर हा फरक जवळजवळ एका पूर्ण स्वराचा पडतो. म्हणजे येताना हॉर्न रे वर असेल, तर जाताना तो सा वर येतो.

आज ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. पण ती पहिल्यांदा मांडणाऱ्याचं काय झालं?

ख्रिश्चन आंद्रेआस डॉप्लरचा जन्म 29 नोव्हेंबर 1803 चा, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरातला. होय, मोझार्टचं साल्झबुर्ग. मोझार्टचं कुटुंब एकेकाळी ज्या चौकात राहायचं, त्याच चौकात डॉप्लरचं घर होतं. घराणं पिढीजात पाथरवटांचं. रिवाजाप्रमाणे पोराने छिन्नी-हातोडा हाती घ्यायचा. पण हा पोरगा जन्मापासून किरकोळ प्रकृतीचा, दगड फोडणं त्याला झेपणारं नव्हतं. वडिलांनी सायमन स्टाम्पफर नावाच्या प्राध्यापकाला विचारलं, याचं करायचं काय? त्याने पोराचं गणित बघितलं आणि व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकला पाठवायला सांगितलं.

शिक्षण झालं, 1829 मध्ये प्राध्यापकाच्या हाताखाली सहायकाची नोकरीही लागली. पण ती चार वर्षांची, कंत्राटी. 1833 मध्ये कंत्राट संपलं आणि तिशीला टेकलेला गणिती रस्त्यावर आला. जिथे जागा निघेल तिथे अर्ज टाकायचा, परीक्षा द्यायची, पुढच्या उत्तराची वाट बघायची. पोटासाठी त्याने दीड वर्ष एका सूतगिरणीत हिशेब लिहिले.

शेवटी तो कंटाळला. 1835 मध्ये त्याने सामानसुमान विकलं आणि अमेरिकेला जायचं ठरवलं. अमेरिकन वकिलातीत चौकशी करायला तो म्युनिकपर्यंत पोचलाही होता. तेवढ्यात प्रागच्या एका शाळेतून नोकरीचं पत्र आलं, आणि तो माघारी फिरला. पुढच्या वर्षी लग्न केलं. पाच मुलं झाली. 1841 मध्ये तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला.

आता आली 25 मे 1842 ही तारीख. प्रागच्या रॉयल बोहेमियन सोसायटीत डॉप्लरने एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश. ऐकायला जेमतेम पाच-सहा माणसं. डॉप्लरचा मुद्दा असा की लाटा सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लाटा दाटतात आणि लांब जात असेल तर पसरतात. मग तारा जवळ येत असेल तर तो निळसर दिसायला हवा आणि लांब जात असेल तर लालसर.

सूत्र बरोबर होतं, उदाहरण चुकलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्यापुढे ताऱ्यांचा वेग इतका कमी पडतो की डोळ्याला रंगात काही फरक कळणं शक्यच नाही. तारे लाल-निळे दिसतात ते मुख्यतः त्यांच्या तापमानामुळे.

साहजिकच शंका घेणारे पुढे आले. त्यातला एक होता हॉलंडचा तरुण शास्त्रज्ञ बाईज बॅलट. त्याने ठरवलं की रंगाचं राहू दे, आधी आवाजाचं तपासू. आणि त्यासाठी लागणारी नवी कोरी गोष्ट युरोपात नुकतीच आली होती, ती म्हणजे रेल्वे.

जून 1845. उत्रेख्त शहराजवळचा रेल्वेमार्ग. इंजिनाला जोडलेल्या उघड्या डब्यावर वादक उभे, हातात शिंग. रुळांच्या कडेला दुसरे संगीतकार उभे, त्यांचं काम फक्त ऐकण्याचं. फेब्रुवारीत हाच प्रयोग बर्फामुळे फसला होता. या वेळी गाडी जोरात निघाली, वादकांनी एकच स्वर धरून ठेवला, आणि कडेला उभ्या असलेल्यांनी सांगितलं की येताना स्वर चढला, जाताना उतरला. किती, तेही त्यांनी अदमासाने सांगितलं. तेव्हा आवाज मोजायचं यंत्र नव्हतं. यंत्र होतं ते तयार कानाचं.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा तयार कान या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

डॉप्लरचं मात्र बरं चाललं नव्हतं. शेकडो विद्यार्थी, त्यांच्या तोंडी आणि लेखी परीक्षा, आणि छातीचा आजार वाढतच चाललेला. विद्यार्थ्यांनी तो फार कडक तपासतो म्हणून तक्रार केली, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. मोठी रजा घ्यावी लागली. मग प्राग सोडून तो खाणकामाच्या अकादमीत गेला, तिथे 1848 च्या क्रांतीची धामधूम सुरू झाली, तिथून व्हिएन्ना. 1850 मध्ये सम्राटाने व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्राची संस्था काढली आणि डॉप्लरला तिचा पहिला संचालक केलं. तिथे त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत एक तरुण पाद्री होता, ग्रेगोर मेंडेल. तोच, वाटाण्याची रोपं लावून अनुवंशशास्त्राचा पाया घालणारा.

सगळं मिळालं असं वाटत असतानाच 1852 मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत योझेफ पेट्झवाल उभा राहिला. साधा माणूस नव्हे, कॅमेऱ्याच्या भिंगाचं गणित मांडून नाव कमावलेला. त्याचं म्हणणं असं की एवढा मोठा नियम चार ओळींच्या सोप्या गणितातून निघूच शकत नाही. आणि त्याने स्वतःचं भारदस्त गणित मांडून दाखवलं की स्वर बदलतच नाही.

पेट्झवालचं गणित बरोबर होतं, पण ते वेगळ्याच गोष्टीचं होतं. गाडी उभी आहे, ऐकणाराही उभा आहे आणि मध्ये फक्त वारा वाहतोय, तर हॉर्नचा स्वर बदलत नाही. खरंच आहे ते. पण डॉप्लर वाऱ्याबद्दल बोलतच नव्हता, तो चालत्या गाडीबद्दल बोलत होता. उत्रेख्तचा प्रयोग होऊन सात वर्षं झाली होती, तरी अकादमीत वजन पडलं ते अवघड गणिताचं. सोपं आहे म्हणून खोटं असणार, हा युक्तिवाद विद्वानांच्या सभेत चालतो हे आजही कोणाला नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉप्लर हवापालटासाठी व्हेनिसला गेला. छातीचा विकार हाताबाहेर गेला होता. 17 मार्च 1853 रोजी तिथेच तो वारला. वय 49. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्याला पुरलं. तिथे आज त्याच्या नावाची पाटी आहे, नेमकी कबर मात्र सापडत नाही.

त्यानंतर बरोबर 30 दिवसांनी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी सुटली. आजचे घाटकोपर, भांडुप, मुलुंड ज्या वाटेवर आहेत त्याच वाटेने.

रक्ताशी डॉप्लरची गाठ पडायला पुढे शंभर वर्षं गेली. 1950 च्या दशकात जपानमधल्या ओसाकात शिगेओ सातोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या शरीरात अल्ट्रासाउंड सोडून परत येणाऱ्या लाटांमधला फरक पकडला, आधी हृदयाचा, मग रक्तवाहिन्यांचा. अमेरिकेत सिएटलला डोनाल्ड स्ट्रँडनेस यांच्या गटाने पायाच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या या पद्धतीने तपासायचं शास्त्र उभं केलं. आधी नुसता आवाज यायचा, मग चित्र आलं, 1980 च्या दशकात लाल-निळा रंग आला. प्रोबकडे येणारं रक्त एका रंगात, लांब जाणारं दुसऱ्या रंगात. ताऱ्यांच्या बाबतीत चुकलेले डॉप्लरचे रंग पडद्यावर आले, तेही माणसांनी ठरवून दिलेले.

यात निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. 50 लाख हर्ट्झची लाट शरीरात सोडली तर तिचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. पण सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या रक्तावर 60 अंशांत आपटून ती परत येते तेव्हा दोन लाटांमधला फरक असतो साधारण सव्वातीन हजार हर्ट्झ. हा फरक थेट माणसाच्या कानाला ऐकू येतो. स्पीकर लावला की झालं.

म्हणूनच हे काम शिकणाऱ्याला आधी कान तयार करावा लागतो. अंधारलेली खोली, पेशंटच्या पायावर थंडगार जेल, आणि स्पीकरमधून येणारा आवाज. पायाची निरोगी धमनी एका ठोक्यात तीन आवाज काढते, पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे. वर कुठे अडथळा असेल तर खाली एकच मंद, लांबट आवाज राहतो. शिरेचा आवाज वाऱ्यासारखा, श्वासाबरोबर कमी-जास्त होणारा. पोटरी दाबली की रक्ताचा लोंढा ऐकू यायला हवा. तो आला नाही तर मध्ये गुठळी असू शकते. मग प्रोबनेच शीर जागोजागी दाबून बघायची. निरोगी शीर सपाट होते, गुठळी असलेली होत नाही. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो, म्हणून सुजलेल्या पायाला घाईने डॉप्लर सांगतात.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे कोन, आणि नवशिके अडतात ते इथेच. डॉप्लरच्या सूत्रात कोनाचा कोसाइन आहे. लाट रक्तवाहिनीला काटकोनात लागली तर कोसाइन शून्य, म्हणजे रक्त धो धो वाहत असलं तरी मशीन म्हणणार प्रवाहच नाही. म्हणून कोन 60 अंश किंवा त्याहून कमी ठेवायचा. खरा कोन 65 असताना मशीनला 60 सांगितला, तर वेग जवळजवळ 15 टक्क्यांनी कमी दिसतो.

एवढ्याने काय बिघडतं? मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेच्या धमनीत वेग सेकंदाला 230 सेंटीमीटरच्या वर गेला, तर ती 70 टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद झाली असावी असं धरतात आणि ऑपरेशनचा विचार सुरू होतो. त्याच पेशंटचा आकडा हात पाच अंश चुकल्यामुळे 195 आला, तर तो मधल्या गटात जातो आणि कदाचित गोळ्या घेऊन घरी. पडद्यावर चूक दिसत नाही, आकडा छान छापून येतो. डायलिसिससाठी हातावर केलेला फिस्टुला असो की मधुमेहाने काळा पडत चाललेला अंगठा, भिस्त त्याच कोनावर.

परदेशात या कामाचा वेगळा पेशाच आहे, व्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट. तो तपासणी करतो, डॉक्टर अहवाल देतो. मुंबईत मात्र बारावीनंतर रेडिओलॉजीचा टेक्निशियन कोर्स केलेली पोरं एक्स-रे, सीटी, एमआरआय चालवतात आणि डॉप्लरचा प्रोब सहसा डॉक्टरच्याच हातात असतो. त्यामागे एक काळा इतिहास आहे. सोनोग्राफीचा वापर पोटातली मुलगी ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा गर्भलिंग तपासणीवर 1988 मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला. 1994 मध्ये देशभराचा कायदा आला. मशीनची नोंदणी झाली, ते कोणी चालवायचं हेही बांधलं गेलं. मशीनला पाय आणि पोट यातला फरक कळत नाही, त्यामुळे पायाच्या शिरा तपासणारं यंत्रही त्याच पहाऱ्यात आलं.

ज्यांना हेच काम करायचंय ते मग बाहेरच्या देशांची वाट बघतात. अमेरिकेत रक्तवाहिन्यांच्या परीक्षेबरोबर अल्ट्रासाउंडच्या भौतिकशास्त्राची परीक्षा वेगळी द्यावी लागते. त्या अभ्यासात डॉप्लरचं समीकरण आणि त्यातला कोसाइन कोणालाच चुकत नाही.