तारे पकडणारे यंत्र आणि हायपेशिया

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत इसवी सनाच्या चौथ्या शतकात जन्मलेली हायपेशिया ही गणित, खगोलशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणारी प्राचीन काळातील सर्वाधिक ख्यातनाम स्त्री होय. ॲस्ट्रोलेब या खगोलीय यंत्राचा शोध तिने लावला, असा समज सर्वत्र रूढ आहे. हे यंत्र मात्र तिच्यापेक्षा जुने आहे. त्याच्या इतिहासातील तिचे स्थान संशोधकाचे नसून शिक्षिकेचे आहे, आणि तेही कमी मोलाचे नाही.

हायपेशियाचे वडील थिऑन हे नामवंत गणिती होते. 364 मध्ये झालेल्या सूर्यग्रहणाचे आणि चंद्रग्रहणाचे त्यांनी निरीक्षण केले होते. टॉलेमीच्या अल्माजेस्ट या ग्रंथावर त्यांनी विस्तृत भाष्य लिहिले. त्यातील तिसऱ्या भागाच्या शीर्षकातच, संपादनाचे काम आपल्या विदुषी कन्येने केल्याची नोंद त्यांनी केली आहे. डायोफँटसचे अंकगणित आणि अपोलोनियसचा शांकवांवरील ग्रंथ यांवरही हायपेशियाने भाष्ये लिहिली. परंतु तिच्या नावाचा एकही स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाही.

ॲस्ट्रोलेब हे नाव ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून बनले आहे. त्यांचे अर्थ तारा आणि घेणे किंवा पकडणे असे आहेत. दुसऱ्या शतकात टॉलेमीने हे नाव एकात एक बसवलेल्या कड्यांच्या गोलयंत्रासाठी वापरले. आकाशाचा गोल सपाट पृष्ठभागावर कसा उतरवावा, याचे गणितही त्याने मांडले होते. पुढे त्याच गणितावर आधारलेली चपटी तबकडी ॲस्ट्रोलेब म्हणून ओळखली जाऊ लागली. या तबकडीवर थिऑन यांनी ग्रंथ लिहिल्याचे उल्लेख आढळतात.

या यंत्राची रचना कल्पक आहे. स्थळाच्या अक्षांशानुसार क्षितिज आणि उंचीची वर्तुळे कोरलेल्या तबकडीवर ताऱ्यांचा जाळीदार नकाशा फिरतो. यंत्र कडीला धरून लोंबते ठेवायचे, मागील पट्टीतून ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची आणि जाळी फिरवून तो तारा तेवढ्याच उंचीच्या वर्तुळावर आणायचा. सूर्याचे राशिचक्रातील स्थान ठाऊक असल्यास रात्रीची वेळ कळते. ग्रह-ताऱ्यांचे किचकट गणित अशा रीतीने हाताच्या एका हालचालीत सुटते.

हायपेशियाकडे दूरदूरच्या प्रांतांतून विद्यार्थी येत असत. सायरीन येथील सिनेसियस हा त्यांपैकी एक होता. इसवी सन 400 च्या सुमारास त्याने कॉन्स्टँटिनोपल येथील पिओनियस या अधिकाऱ्यास आकाशाचा नकाशा दाखवणारे रुप्याचे उपकरण भेट दिले. सोबतच्या पत्रात त्याने या विद्येचे मूळ हिपार्कसपर्यंत नेले असून, उपकरण घडवताना आपल्या गुरूचे साहाय्य झाल्याचे कृतज्ञतेने नमूद केले आहे. हायपेशियाचे नाव या यंत्राशी जोडले गेले ते यामुळेच. हाच सिनेसियस पुढे ख्रिस्ती बिशप झाला. हायपेशिया जुन्या ग्रीक परंपरेतील होती, तरीही त्याचा तिच्यावरील आदर अखेरपर्यंत टिकून राहिला.

त्या काळी अलेक्झांड्रिया धार्मिक संघर्षाने धुमसत होती. 412 मध्ये सिरिल हा तेथील धर्मप्रमुख झाला आणि रोमन प्रशासक ओरेस्टेस याच्याशी त्याचे तीव्र वैर निर्माण झाले. ओरेस्टेस हायपेशियाचा सल्ला घेत असल्याने, दोघांत समेट न होण्यास तीच कारणीभूत आहे, अशी वदंता पसरली. मार्च 415 मध्ये पीटर नावाच्या धर्मवाचकाच्या नेतृत्वाखालील जमावाने तिला रथातून खाली ओढले, चर्चमध्ये नेऊन तिची निर्घृण हत्या केली आणि देह जाळला. सॉक्रेटिस स्कोलास्टिकस या ख्रिस्ती इतिहासकारानेच या कृत्याचा निषेध नोंदवला आहे.

तिच्या हत्येनंतरही विद्येची परंपरा खंडित झाली नाही. सहाव्या शतकात त्याच नगरीतील जॉन फिलोपोनस याने ॲस्ट्रोलेबवर लिहिलेला ग्रीक ग्रंथ आजही उपलब्ध आहे. सातव्या शतकात सिरियाक भाषेत आणि त्यानंतर अरबीत यावर ग्रंथ झाले. अरबीत या नावाचे उस्तुरलाब झाले. फिरोजशहा तुघलकाच्या दरबारातील जैन विद्वान महेंद्रसूरी यांनी 1370 मध्ये त्यावर संस्कृत ग्रंथ रचला आणि या यंत्राला यंत्रराज हे नाव दिले. जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेत धातूचा भव्य यंत्रराज आजही पाहावयास मिळतो. या वेधशाळेचा 2010 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

जुने ग्रंथ तपासणे, त्यांवर भाष्य करणे आणि विद्यार्थी घडवणे हे हायपेशियाचे जीवनकार्य होते. अशा कार्याला शोधकर्त्याची कीर्ती सहसा लाभत नाही. परंतु ग्रीकांची ही विद्या पिढ्यांमागून पिढ्या टिकली, ती तिच्यासारख्या शिक्षकांमुळेच.