मेरी कारपेंटर बाई

चुकलेल्या मुलांच्या ह्या कैवारिणीचा जन्म 1807 साली इंग्लंडातील एक्झिटर गावी एका पाळकाच्या घरी झाला. 1846 साली त्यांनी ब्रिस्टल येथील कंगाल वस्तीत शाळा काढली. त्या काळी लहानसहान चोरीबद्दलही पोरास तुरुंग दाखवीत. मुलांसाठी म्हणून पार्कहर्स्ट येथे 1838 साली निराळा तुरुंग उघडला होता. बाईंनी त्याची कसून परीक्षा केली. भिंतीआड धाकाने राखलेली शिस्त मोकळ्या जगात टिकत नाही, असे त्यांचे मत पडले. आम्हांसही हीच कसोटी खरी वाटते: मूल आत किती निमूट आहे ह्यापेक्षा सुटल्यावर ते कसे वागते, हे पाहावे.

1852 साली त्यांनी किंग्जवुड येथे, जेथे पूर्वी वेस्ली साहेबांची शाळा होती तेथेच, सुधारशाळा स्थापिली; 1854 साली मुलींकरिता रेड लॉज. त्याच वर्षी कायद्याने अशा शाळांस मान्यता दिली, पण आधी निदान 14 दिवस कैद भोगलीच पाहिजे अशी अट घातली! बाई तिच्याशी झगडत राहिल्या. 1877 साली त्या वारल्या. अट 1899 साली पुरती उठली.

1866 साली बाई मुंबईस आल्या. तेथे डेविड ससून शेटजींच्या नावाची सुधारशाळा 1857 पासून होती. पुढे 1876 साली हिंदुस्थानातही सुधारशाळांचा कायदा झाला.

आमच्या वडवणीकडे ऊसतोडीस गेलेल्या आईबापांमागे राहिलेले एखादे मूल चुकले, तर 2015 च्या कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील त्या मुलास कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते.