कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत (१८ जून १९११, इंदूर – १९९८, दिल्ली), या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

शिक्षण

वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून तो नाकारला. गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी बंगळूर गाठून सत्याग्रह केला, तेव्हा प्रवेश मिळाला, परंतु अटींसह: पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. पुरुष विद्यार्थ्यांना यांतील शेवटची अट घालण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. त्यातील अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत आणि उतारवयात त्याविषयी जाहीरपणे बोलल्या.

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे मत पालटले आणि संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये एम.एस्‌सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावरील प्रयोगांतून, पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींच्या ऊतींतही असते, हे त्यांनी दाखवले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

कारकीर्द

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. कडधान्यांतील पचनरोधक घटकांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केले. नीरेच्या पोषणमूल्यावरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. या संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना पात्रता असूनही सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले.

कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या सदस्य होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकासाठी त्यांनी ग्राहकसुरक्षेवर लेखन केले. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत आयोजित केलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.