सावेदादा: स्क्रीन नसलेल्या कॅमेऱ्याने मुंबई शूट करणारा माणूस

आज नव्या फोनचा रिव्ह्यू नाही, आज एका फोटोग्राफरची गोष्ट सांगतो. रस्त्यावर काहीतरी दिसलं की आपण खिशातून फोन काढतो, शूट करतो आणि चार जणांना दाखवतो. हेच काम एका मराठी माणसाने मुंबईत १८९९ साली सुरू केलं होतं. त्यांचं नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, पण लोक त्यांना सावेदादा म्हणायचे.

स्टुडिओतून बाहेर

सावेदादांचा जन्म १८६८ चा. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा फोटो म्हणजे खुर्चीत ताठ बसायचं आणि हलायचं नाही. मग ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्सचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. त्यात होतं काय, तर स्टेशनात येणारी गाडी, कारखान्यातून सुटलेले कामगार, समुद्रात आंघोळ करणारी माणसं. म्हणजे अगदी रोजचंच, पण हलणारं!

सावेदादांना या हलत्या चित्रांचं वेड लागलं. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी, म्हणजे त्या काळच्या दराने अंदाजे सव्वातीनशे रुपये. ही रक्कम तेव्हा भलतीच मोठी होती.

हा कॅमेरा चालायचा कसा?

त्या काळच्या कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती, आवाज नव्हता. बाजूला एक हँडल असायचं, ते हाताने फिरवायचं. साधारणपणे एका फेऱ्यात आठ फ्रेम्स, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे झाले १६ एफपीएस. आपला फोन ३० किंवा ६० एफपीएसला शूट करतो. हात मंदावला तर फ्रेम्स कमी पडायच्या आणि पडद्यावर माणसं पळाल्यासारखी दिसायची. जुन्या फिल्म्समध्ये सगळे तुरुतुरु चालताना दिसतात ना, त्याचं कारण हेच. कमी वेगाने शूट केलेली फिल्म नंतर जास्त वेगाने चालवली जाते.

फिल्मला उजेडही भरपूर लागायचा, त्यामुळे शूटिंग उन्हात. एक रोल जेमतेम मिनिटभराचा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे प्रिव्ह्यूच नाही! शूट झालं की रोल धुवायला बोटीने लंडनला जायचा. फोकस बरोबर होता की नाही, हे कळायला कित्येक आठवडे थांबायचं. आपण एका सेल्फीसाठी दहा वेळा क्लिक करतो, त्यांना तसा चान्सच नव्हता.

त्यांनी काय शूट केलं?

एवढा महागडा कॅमेरा हातात आल्यावर सावेदादांनी राजवाडे शोधले नाहीत. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी दोन पैलवानांची कुस्ती टिपली. मग माकडं शिकवणारा एक खेळवाला टिपला. भारतीय माणसाने भारतात बनवलेल्या अगदी पहिल्या फिल्म्समध्ये यांची गणना होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली, म्हणजे त्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी.

डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे मुंबईत परतले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला होता. त्यांचं स्वागत सावेदादांनी शूट केलं. ही भारतातली पहिली बातमीफिल्म समजली जाते. आपल्या कोकणातला मुलगा आणि त्याला बघायला जमलेली मुंबई, दोन्ही एकाच रोलमध्ये. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला. पुढे फिल्म बनवणं थांबलं आणि ते मुंबईच्या गेइटी थिएटरचं काम बघू लागले. १९५८ मध्ये ते गेले.

मग त्या फिल्म्स कुठे आहेत?

हाच मुद्दा मला झोंबला. ती कुस्ती आज यूट्यूबवर शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. त्यांच्या फिल्म्स टिकल्याच नाहीत.

तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती भयंकर पेट घेते. जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे पाण्यातही विझत नाही. नुसती ठेवली तरी दमट हवेत चिकट होते आणि शेवटी तिची पावडर होते. जपून ठेवणारी संस्थाही नव्हती. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, सावेदादा गेल्यावर सहा वर्षांनी.

मी देवगडचा. सॉफ्टवेअरचं काम करतो, दुसऱ्यांच्या डेटाचे बॅकअप रोज बघतो. पण माझ्याकडे आजोबांचा एक व्हिडिओ होता, चौदा सेकंदांचा. पडवीत बसून पेटीत गवत पसरतायत, वर एकेक हापूस लावतायत आणि कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीयेत. काही खास नाही म्हणून मी तो कुठेच कॉपी केला नाही. फोन फॉरमॅट केला आणि तो गेला. पुढच्या सीझनला आजोबा नव्हते. लग्नातले त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण त्यात ते ताठ उभे आहेत. पेटी भरणारे हात कशातच नाहीत.

सावेदादांकडे सोपा उपाय नव्हता. आपल्याकडे आहे. त्याला ३-२-१ नियम म्हणतात. फाइलच्या तीन कॉपी ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, म्हणजे फोन आणि हार्ड डिस्क. त्यातली एक कॉपी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाईकाकडे. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि माणसाचं नाव टाका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली कॉपी ओरिजिनल धरू नका, ती कॉम्प्रेस झालेली असते.

बंदरावरचा मासळीचा लिलाव, एसटी स्टँडवरची गर्दी, आईचं घावणे घालणं, जे रोज दिसतं ते आधी शूट करा. आणि आज रात्री फोन चार्जिंगला लावाल तेव्हा त्यातला एक तरी व्हिडिओ दुसरीकडे कॉपी करून ठेवा.