ख्रिस्ताचा वारकरी : रेव्हरंड ना. वा. टिळक

वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमचे ख्रिस्ती बांधव ईस्टरचा सण साजरा करतात. शुक्रवारी क्रुसावर प्राण सोडलेला येशू तिसऱ्या दिवशी थडग्यातून जिवंत उठला, या श्रद्धेचा हा उत्सव होय. जेऊरसारख्या गावात राहून पंढरीची वाट चालणाऱ्या आम्हां भाविकांना ही श्रद्धा प्रथम परकी वाटते. जीर्ण वस्त्र टाकून नवे ल्यावे तसा आत्मा देह बदलतो, असे आम्ही मानतो. ख्रिस्ती मनुष्य फिरून जन्म मागत नाही. प्रभू उठला तसे आपणही एके दिवशी उठू, अशी आशा तो धरतो. ही आशा मराठी घरात कशी नांदली, हे पाहावयाचे तर कविवर्य नारायण वामन टिळक यांचे चरित्र आठवावे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. मातेचे छत्र बालपणीच हरपले. नाशिकास त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. पुढे राजनांदगावाकडे जात असता आगगाडीतील एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचा घाव प्रथम संसारावर बसला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. पती जिवंत असता पतीचा वियोग त्यांच्या वाट्यास आला. पदरी लहानगा दत्तू. त्या वियोगाचा काही काळ त्यांनी आमच्या पंढरपुरातच, आप्तांच्या आश्रयाने काढला. समाजाच्या लेखी त्यांचा संसार संपल्यातच जमा होता. तरी काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. पुढे त्यांचीही खात्री पटली व त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मोडलेले घर पुन्हा उभे राहिले. त्या घरात दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना मायेचा घास मिळाला. नगरास प्लेगने थैमान मांडले तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेस धावल्या. मृत्यू हा शेवट नव्हे, असे ज्याने मनोमन मानले, त्याला मरणाऱ्याच्या उशाशी बसण्याचे भय उरत नाही. पुनरुत्थानावरील श्रद्धेचे नित्य जीवनातील रूप ते हेच, असे आम्हांस वाटते.

टिळकांचा ख्रिस्त थडग्यात निजलेला नव्हता, तसा केवळ दूरच्या स्वर्गातही नव्हता. तुकोबा विठ्ठलाशी बोलत, भांडत, त्याला आळवीत. तसेच टिळक अभंगांतून ख्रिस्ताशी बोलत. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी भजन आणले, कीर्तन आणले. देव जिवंत असेल तर तो मराठीही ऐकेल, हा त्यांचा विश्वास. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकास तेथे मुक्तद्वार होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती लोक मृतदेह भूमीत निजवितात. अखेरच्या दिवशी तो उठावा, ही त्यामागील भावना. टिळकांनी मात्र आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी इच्छा सांगून ठेवली होती. त्याप्रमाणे त्यांस अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरच्या भूमीत विसावल्या. ज्या देवाने मातीतून मनुष्य घडविला त्याला राखेतून उठविणे अवघड का जावे? अग्नी त्यांना आपल्या पूर्वजांनी दिला होता, आशा ख्रिस्ताने. दोहोंपैकी एकही त्यांनी टाकले नाही.

त्यांच्यामागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. पतीच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे लिहिले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून टिळकांना मराठी घराघरांत पुन्हा चालते-बोलते केले.

आमच्या माळावर ज्वारीचा दाणा मातीआड होतो आणि कणीस होऊन वर येतो. धर्म निराळे असले तरी ही खूण सर्वांच्या ओळखीची आहे. ईस्टरच्या पुण्यदिनी या मराठी संतकवीस आमचे विनम्र अभिवादन.