मेणबत्तीच्या उजेडात

शाळेची घंटा होते. आपण वर्गात जाऊन बसतो. बाई फळ्यावर लिहितात आणि आपण ते वहीत उतरवून घेतो. एखादे गणित अडले तर शेजारच्या मैत्रिणीला विचारतो. या गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्यांचा आपण कधी विचारही करीत नाही. परंतु एक मुलगी अशी होती, की तिला विद्यार्थिनी म्हणून शाळेत जायला कधीच मिळाले नाही. ती जे शिकली ते घरातच शिकली, आणि त्यातले बरेचसे लपूनछपून शिकली. मोठी झाल्यावर याच मुलीने इतर मुलींसाठी शाळा काढली. तिचे नाव रुकैया. बंगालमध्ये तिला रोकेया म्हणतात.

रुकैयाचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. तिचे वडील जहीरुद्दीन साबेर हे मोठे जमीनदार होते. त्यांना अनेक भाषा येत. मुलांच्या शिक्षणाची त्यांना आवड होती. रुकैयाच्या भावांना त्यांनी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पाठवले. मुलींच्या बाबतीत मात्र घरातील रीत निराळी होती. मुलींनी कुराणशरीफ वाचायला शिकावे, थोडे उर्दू वाचावे, एवढे शिक्षण त्यांना पुरेसे समजले जाई. बंगाली ही गावातल्या सामान्य लोकांची भाषा मानली जाई, म्हणून खानदानी मुलींना ती शिकवत नसत. इंग्रजीचे तर नावही काढायचे नाही. इंग्रजी वाचून मुली बिघडतील, अशी लोकांना भीती वाटे.

त्या घरात पडदाही फार कडक होता. रुकैया जेमतेम पाच वर्षांची असल्यापासून तिला पडदा पाळावा लागे. पुरुषांपासूनच नव्हे, तर घराबाहेरच्या अनोळखी स्त्रियांपासूनही! बाहेरची एखादी बाई अंगणात आली, की कोणीतरी डोळ्यांनी खूण करी. लगेच ही चिमुरडी धावत सुटे आणि जिथे जागा मिळेल तिथे लपून बसे. कधी पलंगाखाली, तर कधी दाराआड. अशा घरात मुलीचा अभ्यास नीट कसा होणार? धडा अर्ध्यावर आला असेल आणि पाहुणे आले, तर धडा तिथेच राहणार.

एकदा रुकैया आईबरोबर काही काळ कलकत्त्याला राहिली होती. तेव्हा एक युरोपियन बाई तिला शिकवू लागली. पण नातेवाइकांनी नावे ठेवायला सुरुवात केली आणि ती शिकवणी बंद पडली. घरी शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण असे दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असते. शाळा एका पाहुण्याच्या बोलण्याने बंद पडत नाही. घरची शिकवणी पडते.

रुकैयाच्या थोरल्या बहिणीच्या वाट्यालाही हेच आले होते. करीमुन्निसा आपा रुकैयापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी होती. लहानपणी भाऊ धडे म्हणत, ते ऐकून ऐकून ती बंगाली शिकली. पाटी कोण देणार? म्हणून ती अंगणातल्या मातीवर अक्षरे काढी. एके दिवशी ती पुस्तक वाचत असताना वडिलांनी तिला पाहिले. ती भीतीने अर्धमेली झाली. वडील रागावले नाहीत. परंतु नातेवाइकांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि तिचे शिक्षण थांबले. लहान वयातच तिचे लग्न करून देण्यात आले. तरीही तिने वाचन सोडले नाही. ती कविता करू लागली. पुढे या आपानेच रुकैयाला बंगाली अक्षरांची ओळख करून दिली.

इंग्रजी शिकवले ते थोरल्या भावाने. इब्राहिमभाई कलकत्त्याला शिकून आले होते. एकदा त्यांनी बहिणीला चित्रांचे एक मोठे इंग्रजी पुस्तक दाखवले. ही भाषा तुला आली, तर जगातल्या ज्ञानाचा खजिना तुझ्यासाठी उघडेल, असे त्यांनी तिला समजावले. मुलगी तयार झाली, पण शिकायचे कधी? दिवसा घरात माणसांची ये-जा असे. म्हणून त्यांनी रात्रीची वेळ निवडली. जेवणखाण आटोपून घरातली सगळी माणसे झोपली, की भाऊ मेणबत्ती लावी आणि बहीण पुस्तक उघडी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शब्द हळू आवाजात म्हणायचे. डोळ्यांवर झोप येई, तरी धडा संपवायचा. दिवसभरात एखादा शब्द अडला तर तो मनात ठेवून रात्रीची वाट पाहायची. बरोबर शिकायला मैत्रीण नव्हती, परीक्षा नव्हती, शाबासकी द्यायलाही भावाशिवाय कोणी नव्हते. मेणबत्तीच्या त्या उजेडात रुकैया इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकली.

१८९८ च्या सुमारास रुकैयाचे लग्न झाले. पती सय्यद सखावत हुसेन हे बिहारमधील भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते वयाने बरेच मोठे होते, पण विचाराने उदार होते. ते स्वतः उर्दू बोलणारे होते. तरी पत्नीने बंगालीत लिहावे, इंग्रजी वाढवावे, यासाठी त्यांनी तिला प्रोत्साहन दिले. एकदा ते कामासाठी दोन दिवस दौऱ्यावर गेले होते. घरी एकट्या असलेल्या रुकैयाबेगमांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहून काढली. परत आल्यावर सखावतसाहेबांनी उभ्याउभ्याच ती पूर्ण वाचली आणि ते खूश झाले. ‘सुलतानाचे स्वप्न’ असा तिच्या नावाचा अर्थ. १९०५ साली ती मद्रासच्या एका मासिकात छापून आली. या गोष्टीत स्त्रिया देशाचा कारभार चालवतात आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. लपून इंग्रजी शिकलेल्या मुलीची ही गोष्ट आज जगात अनेक ठिकाणी वाचली जाते.

संसारात मात्र त्यांना फार दुःख सोसावे लागले. त्यांना दोन मुली झाल्या, पण दोघीही काही महिन्यांतच वारल्या. पतीला मधुमेह झाला आणि त्यांची दृष्टी गेली. रुकैयाबेगमांनी त्यांची सेवा केली. मे १९०९ मध्ये सखावतसाहेबांचे निधन झाले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १० हजार रुपये बाजूला ठेवले होते. रुकैयाबेगम रडत बसल्या नाहीत. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्यांनी भागलपूरमध्ये पतीच्या नावाने शाळा सुरू केली. शाळेत मुली किती? फक्त पाच!

थोड्याच दिवसांत घरातील वादांमुळे त्यांना भागलपूर सोडावे लागले. त्या कलकत्त्याला आल्या. १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला लेनमधील एका भाड्याच्या घरात त्यांनी शाळा पुन्हा उघडली. या वेळी आठ मुली होत्या. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते.

आता एक मोठी अडचण समोर उभी राहिली. शाळा चालवायची होती, पण शाळा आतून कशी असते हे शाळा काढणाऱ्या बाईंनाच ठाऊक नव्हते! वेळापत्रक कसे करायचे? एका वर्गात एकदम अनेक मुलींना कसे शिकवायचे? घरी एका मुलीला शिकवणे वेगळे आणि वर्ग सांभाळणे वेगळे. आपल्याला येत नाही हे कबूल करायला रुकैयाबेगम लाजल्या नाहीत. कलकत्त्यातील मुलींच्या इतर शाळांमध्ये जाऊन त्या बसल्या. शिक्षिका कशा शिकवतात हे त्यांनी बारकाईने पाहिले. तिशी ओलांडलेल्या या बाई अशा रीतीने पहिल्यांदा वर्गात बसल्या.

दुसरी अडचण मुली मिळवण्याची. त्या घरोघर जात आणि आईबापांना विनवत. स्वतः पडदा पाळत, म्हणजे लोकांचा विश्वास बसावा. मुलींना आणण्या-पोहोचवण्यासाठी बंद गाडी हवी होती. पुढे शाळेला मोटार मिळाली. ती चहूबाजूंनी बंद होती. हवेसाठी फक्त पुढे-मागे वर बारीक जाळी होती. आत इतका अंधार आणि उकाडा होई, की लहान मुली रडू लागल्या. कोणाला ओकारी झाली, तर कोणाला घेरी आली. आईबापांच्या तक्रारी आल्या. मग बाजूच्या झडपा उघडून तिथे रंगीत पडदे लावले. तेव्हा दुसरी पत्रे आली. वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, हे थांबवले नाही तर वर्तमानपत्रात लिहू, अशी धमकी त्यांत होती. पडदे घट्ट करावेत तर मुली गुदमरतात, सैल सोडावेत तर लोक शाळेला बदनाम करतात. हा सगळा प्रसंग रुकैयाबेगमांनी पुढे ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात लिहिला. त्यात पडद्यातल्या स्त्रियांचे ४७ लहान लहान प्रसंग आहेत.

संकटे आणखीही होती. शाळेचे पैसे ज्या बँकेत ठेवले होते, ती बँक बुडाली. शिकवायला शिकलेल्या स्त्रिया मिळत नव्हत्या, म्हणून दूरच्या शहरांतून शिक्षिका आणाव्या लागल्या. तरी शाळा वाढत गेली. १९१५ पर्यंत मुलींची संख्या ८४ झाली. वाचन-लेखनाबरोबर शिवण, स्वयंपाक, रुग्णसेवा आणि व्यायामही शिकवला जाई. व्यायामावर बाईंचा विशेष भर होता. बालपण पलंगाखाली लपण्यात गेलेल्या बाईंनी मुलींच्या व्यायामाची काळजी घेतली, यात नवल नाही.

त्यांचे आणखी एक म्हणणे होते. मूल पहिले धडे आईजवळ शिकते, म्हणून आई शिकलेली हवी. स्वयंपाक चांगला करायचा तर उष्णतेचे ज्ञान हवे, मुलांना निरोगी ठेवायचे तर आरोग्याचे ज्ञान हवे. घर ही मुलाची पहिली शाळा असेल, तर त्या शाळेच्या शिक्षिकेला अडाणी ठेवून कसे चालेल, असा त्यांचा प्रश्न होता. १९१६ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या स्त्रिया गरीब वस्त्यांमध्ये जात आणि तिथल्या बायकांना अक्षरओळख व स्वच्छता शिकवत. ज्यांना शाळेत येता येत नव्हते, त्यांच्या दारापर्यंत रुकैयाबेगमांनी शाळा नेली.

ज्यांनी आपल्याला शिकवले त्यांना त्या विसरल्या नाहीत. ‘मोतीचूर’ या पुस्तकाचा दुसरा भाग त्यांनी करीमुन्निसा आपाला अर्पण केला, आणि १९२४ साली निघालेली ‘पद्मराग’ ही कादंबरी इब्राहिमभाईंना. आपण भागलपूरला उर्दू बोलणाऱ्यांत राहिलो, नंतर कलकत्त्याला उर्दू शाळा चालवली, तरी बंगाली विसरलो नाही, याचे श्रेय त्यांनी आपाला दिले.

१९३० च्या सुमारास त्यांची शाळा हायस्कूल झाली. ९ डिसेंबर १९३२ रोजी रुकैयाबेगमांचे निधन झाले. आदल्या रात्रीपर्यंत त्या लिहीत होत्या. स्त्रियांच्या हक्कांवरचा तो लेख अपुरा राहिला. त्यांची शाळा कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, अजून चालू आहे. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस ‘रोकेया दिन’ म्हणून पाळला जातो.

मुलांनो, तुम्ही उर्दू शाळेत शिकता आणि मराठी ही दुसरी भाषा म्हणून वाचता. कधी एखादा शब्द अडतो, कधी व्याकरण कठीण वाटते आणि पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. अशा वेळी रुकैयाला आठवा. तिला दुसरी भाषा चोरून शिकावी लागली. आपल्याला ती भर दिवसा, सर्वांच्या देखत, वर्गात बसून शिकता येते. आणि तुमच्या घरी शाळेत न जाणारी एखादी बहीण असेल, किंवा अक्षरओळख नसलेली आई असेल, तर रात्री जेवणे झाल्यावर आपले पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसा. इब्राहिमभाईंनी एवढेच केले होते.

शब्दार्थ

अंगवळणी पडणे : सवय होणे
नावे ठेवणे : दोष काढणे
कुजबुज : हळू आवाजातील बोलणे
विनवणे : विनंती करणे
घेरी येणे : चक्कर येणे
अर्पण करणे : आदराने देणे

स्वाध्याय

१. रुकैयाच्या घरी मुलींना कोणते शिक्षण देत असत? कोणत्या भाषा शिकवत नसत?
२. भाऊ-बहिणीने अभ्यासासाठी रात्रीची वेळ का निवडली?
३. शाळा चालवण्यापूर्वी रुकैयाबेगमांनी स्वतः काय शिकून घेतले?
४. शाळेच्या मोटारीबद्दल कोणत्या दोन प्रकारच्या तक्रारी आल्या?
५. ‘अंगवळणी पडणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. घरातील एखाद्या व्यक्तीला तुम्ही काय शिकवू शकाल? आठ-दहा ओळी लिहा.